अर्थिंगला सलाईन

आमच्या समोरच्या सिस्टर लॅपटॉपच्या चार्जरचा ताप बघतात. उलट्या हाताने. लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा हात त्या काळ्या ठोकळ्यावर ठेवतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "कोमट हाय. घाबरू नका."

नाव शेवंताबाई. आरोग्य केंद्रात नोकरी करून निवृत्त झाल्या, पण कुरुंद्यात त्यांना सगळे अजून सिस्टरच म्हणतात. पुण्याच्या मुलाने त्यांना लॅपटॉप पाठवला. तो दोनदा बंद पडला, दोन्ही वेळा त्यांनीच चालू केला, आणि निवृत्ती संपली. गावात कुणाचाही लॅपटॉप चार्ज होईना झाला की सिस्टर लसींची जुनी निळी पेटी खांद्याला अडकवून हजर. पेटीत स्वतःचा चार्जर, टेस्टर, चिकटपट्टी आणि कापूस. कापूस कशाला, हे मी विचारले नाही.

"आधी पेशंट बघू, मग बोलू," हे पहिले वाक्य. दुसरे, "कधीपासून हाय?" एका गुरुजींच्या लॅपटॉपसाठी त्यांनी भिंतीवरचे बटण दाबले आणि गुरुजींना आराम सांगितला. शेळ्यावाला बाबाराव मोबाईलची कुरतडलेली वायर घेऊन आला.

"चावा कुणाचा? कुत्र्याचा तर न्हाई?"

"शेळीचा हाय, सिस्टर."

"मंग इंजेक्शन नको," म्हणत त्यांनी वायर जोडून दिली.

मी हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. आकडा जुळल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. सिस्टरांचे काहीच जुळत नसे.

मग आमच्या प्रज्ञाची वेळ आली. बारावी झालेली, जून कोरडा. इंजिनिअरिंगच्या कॉलेजांचे पसंतीक्रम इंटरनेटवर भरायचा शेवटचा दिवस. चार वाजता भारनियमन. वसमतच्या कॅफेवर सकाळपासून रांग. घरात माझ्या भावाने दिलेला जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी मेलेली, चार्जर काढला की बंद. आणि चार्जर लावला की पडद्यावरचा बाण अंगात आल्यासारखा नाचायचा. बाण नांदेडवर नेऊन बोट टेकवले की रत्नागिरी निवडली जायची. माउस मी घेतला नव्हता. बोटाने होणाऱ्या कामाला वरचा खर्च कशाला, हा माझा हिशेब.

"लेकरू समुद्रावर जाऊन पडतंय, अन् तुमी हिशेब सांगून राहिले!" सुमन, म्हणजे आमची मंडळी, माझ्यावर कडाडली. मी मुकाट्याने समोरच्या दारात गेलो.

सिस्टर आल्या. चार्जरवर उलटा हात ठेवला. "ताप न्हाई." प्लग दुसऱ्या बोर्डात लावला; बाण नाचला. आपला चार्जर लावला. बाण आणखी नाचला. वायरीचा वास घेतला. शेवटी अनवाणी उभ्या राहून लॅपटॉपच्या कडेवर बोट ठेवले आणि झटकन मागे घेतले.

"मुंग्या येऊन राहिल्या की! पोरी, तुला बी येतात?"

"व्हय, सिस्टरआजी. सकाळपासून."

"मंग आधी काहून न्हाई सांगितलं? आमच्या केंद्रातला लसीचा फ्रीज उन्हाळ्यात अशाच मुंग्या द्यायचा. भाऊ, तुमची अर्थिंग कुठं पुरली?"

न्हाणीमागे, भिंतीच्या कडेला. जमीन भेगाळलेली, तारेभोवती नुसती धूळ.

"बघा, किती सुकलीय बिचारी. ओल न्हाई तर करंट जमिनीत उतरंल कसा? सुमन, जाडं मीठ आण. भाऊ, बादली. सलाईन लावायचंय."

मी बादली एकदम उपडी करायला निघालो, तर माझा हात धरला. "सलाईन हळू जातं, भाऊ. पेशंट गुदमरंल." त्या तांब्याने धार सोडत बसल्या. जमीन बुडबुडे काढत पाणी पीत होती आणि मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होतो.

"पोरी, बघ गं आता!"

आतून किंचाळी आली, "थांबला! आजी, बाण थांबला!"

प्रज्ञाने नांदेड निवडले, नांदेडच निवडले गेले. सगळा क्रम भरून झाला, पडद्यावर हिरवी पट्टी आली, आणि आमचा ओरडा गल्लीत पोचतो न पोचतो तोच लाईट गेली. सिस्टरांनी अंधारलेल्या खोलीत हात वर केले. "जाऊ द्या तिला! पेशंट वाचला!" सुमनने गल्लीभर गूळ वाटला. सिस्टरांनी दोनदा घेतला.

प्रज्ञाला नांदेडच मिळाले. निघताना सिस्टरांनी तिच्या कपाळावर उलटा हात ठेवला. "ताप न्हाई. जा." लॅपटॉपही तिच्याबरोबर गेला.

सिस्टरांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल रविवारी असतो. त्या शनिवारपासूनच लॅपटॉप चार्जिंगला लावतात. कॉल येतोच असे नाही. चार्जिंग मात्र चुकत नाही.

पाऊस उघडल्यापासून त्या रोज संध्याकाळी तांब्या घेऊन आमच्या न्हाणीमागे जातात. मग ओट्यावर बसतात. सुमन आताशा आधण तीन कपांचेच ठेवते.

मी एकदा म्हणालो, "सिस्टर, लॅपटॉप तर नांदेडला गेला. कशाला रोज तकलीफ?"

"तकलीफ कसली? पोरगी दिवाळीला येईल, तवा जमीन कोरडी नको." त्या वाकल्या, अर्थिंगवर उलटा हात ठेवला, डोळे मिटले. "अजून जरा गरम हाय. उद्या बी यावं लागंल."

मीही हात लावून पाहिला. चांगला गार चिखल होता.

"व्हय," मी म्हणालो, "यावंच लागंल."