आपोआप बंद होणारा ॲम्प्लिफायर

"हा डबा रविवारी माझा भाऊ घेऊन जाणार," बायकोने जाहीर केलं आणि ॲम्प्लिफायरवरचं विणलेलं फडकं कवळीवाल्यांच्या नाकासमोर धरलं. फडक्याच्या मधोमध तपकिरी डाग पडला होता. "सकाळी नऊला तुमची तबकडी संपली. मी सहाला घरी आले. तोवर हा नुसता तापतोय! एक दिवस घर पेटेल, मग बसा रस्त्यावर गाणी ऐकत."

दातांच्या कवळ्या बनवण्यात कवळीवाल्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. केसाएवढी चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण तबकडी संपली की उठून बटण बंद करायचं, हे मात्र काही केल्या डोक्यात राहत नसे. गाणं संपलं तरी ते गाण्यातच असायचे आणि तसेच चपला घालून कामावर निघायचे. ॲम्प्लिफायर वडिलांनी स्वतःच्या हाताने जोडलेला. मेहुण्याच्या घरी गेला तर त्याच्यावर कुंड्या येणार, हे ठरलेलं. त्यांनी घाईघाईने तोडगा काढला.

"आपोआप बंद होईल असं केलं तर?"

"हात न लावता?"

"हात न लावता."

"रविवारी सहाच्या आत माझ्या डोळ्यांसमोर बंद झाला आणि बंदच राहिला, तर घरात ठेवीन. नाही तर गाडीत."

कवळीवाल्यांनी पत्त्याच्या पानाएवढा एक कॉम्प्युटर आणला आणि त्याच्या हुकमावर वीज जोडणारं-तोडणारं एक बटण. दुकानदार म्हणाला, "ॲम्प्लिफायर उघडून आत एक वायर जोडा, काम फत्ते." उघडून? वडिलांच्या ॲम्प्लिफायरला स्क्रू ड्रायव्हर लावायचा? छे! त्यापेक्षा त्यांनी स्पीकरसमोर एक मायक्रोफोन ठेवला. दोन टाळ्या वाजवल्या की ॲम्प्लिफायर चालू. आवाज आहे तोवर चालूच. दहा मिनिटं आवाज आला नाही, की बंद. दहा मिनिटं अशासाठी, की तबकडी उलटी करायची तर आधी चष्मा सापडावा लागतो.

पहिल्या दिवशी गायिकेने इतकी हळू सुरुवात केली, की मायक्रोफोनला ती ऐकूच आली नाही. बाई रंगात येणार एवढ्यात खट्!

"दमली असेल बिचारी," आत्या म्हणाली. ही कवळीवाल्यांची आत्या. घरात तिचं बोलणं नळाच्या पाण्यासारखं, फरक एवढाच की नळ कधीतरी जातो.

मग त्यांनी मायक्रोफोनचे कान चांगले तिखट केले. शनिवारी सगळे बाहेर गेले असताना नऊ वेळा चाचणी घेतली. नऊच्या नऊ वेळा दहाव्या मिनिटाला खट्! गडी जाम खूश. आता रिकाम्या घरात घेतलेली चाचणी ही काय चाचणी झाली का, तुम्हीच सांगा.

रविवारी चारला मेहुणा गाडी आणि दोऱ्या घेऊन हजर. हा विमा एजंट, म्हणजे झोपेतही समोरच्याला हप्ते समजावणारा. बायको खुर्चीत बसली. आठवडाभर ती हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसते. डॉक्टर कधी येणार, लिफ्ट कुठे, आमचा पेशंट कुठे हलवला, हे दिवसभर कानावर आदळत असतं. "मी काही बोलणार नाही, नुसती बघणार," ती म्हणाली.

तबकडी वाजली, संपली. कॉम्प्युटरच्या इवल्याशा पडद्यावर आकडा उमटला. दहा. नऊ. आठ.

"दाजी, हे आकडे कसले?"

दहा.

"बोलू नकोस!" कवळीवाले ओरडले. पडद्यावर दहाच.

त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बोललं की पुन्हा दहापासून', आणि कागद सगळ्यांपुढे फिरवला.

"मला मेलीला काय दिसतंय! मोठ्याने वाच की," आत्या म्हणाली.

पुढचा तासभर काय झालं ते सांगायलाच नको. सहावर असताना दारावरची बेल वाजली. चारवर असताना मेहुण्याच्या फोनवर गिऱ्हाईक आलं, आणि मेहुण्याने पुटपुटत का होईना, त्याला अख्खी योजना सांगितली. दोनवर आत्याला शिंक आली. तिने ती नाक दाबून आवरली, पण मग "आवरली बघ!" असं सांगितल्यावाचून तिला राहवलं नाही. कवळीवाल्यांचा चेहरा रडवेला झाला. वडिलांचा ॲम्प्लिफायर हातचा चालला होता, तोही घरच्यांच्या बडबडीपायी.

पावणेसहा झाले. पोराचा चेहरा बघून आत्याला भरून आलं. तिने कवळी काढली आणि वाटीत ठेवली. कवळी काढली की ती परक्यासमोर तोंड उघडत नसे, हा तिचा बाणा. मेहुण्याने फोन बंद केला आणि रुमाल तोंडात कोंबला. पंखा थांबवला, बेलचा खटका खाली ओढला.

पाच. चार. कवळीवाले श्वास घ्यायलासुद्धा घाबरत होते. तीन. दोन. एक.

खट्! ॲम्प्लिफायरचा दिवा विझला.

"जमलं, दाजी!" मेहुण्याने रुमाल काढून फेकला आणि आनंदाच्या भरात टाळ्या पिटल्या.

खट्! दिवा लागला. दहा.

सहाला चार मिनिटं कमी होती. दहा मिनिटं आता कुठून आणायची? कवळीवाले उठले.

"ने बाबा," ते मेहुण्याला म्हणाले. "फक्त त्याच्यावर कुंड्या ठेवू नकोस. वडिलांचा आहे रे."

त्यांनी पिन उपसायला हात घातला.

"हात लावू नका त्याला!" बायको डोळे मिटूनच म्हणाली.

"अगं, पण सहा वाजतील."

"वाजू देत. तू खाली बस रे, आणि तो रुमाल उचल. आत्याबाई, कवळी राहू द्या वाटीत. पुन्हा दहापासून."

पुन्हा सगळे गप्प. बायकोने पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या आणि मान हळूच खुर्चीच्या पाठीला टेकली. सहा वाजून सहा मिनिटांनी खट् झालं, तरी एक मिनिटभर ती हलली नाही.

"ताई, दोऱ्या आणू का?" मेहुण्याने भीतभीत विचारलं.

"कशाला? ॲम्प्लिफायर कुठेही जाणार नाही." ती नवऱ्याकडे वळली. "उद्या मी सहाला येते. त्याच्या आधी हा चालू करून ठेवा."

कवळीवाल्यांना काय करू नि काय नको असं झालं. लग्नाला एवढी वर्षं झाली, बायकोने आपणहून पहिल्यांदा ॲम्प्लिफायर लावायला सांगितलं होतं!

"लावतो की! कोणती तबकडी लावू?"

"तबकडी?" बायको म्हणाली. "तबकडी कशाला हवी?"