चाच्याच्या भुताने माझा राग पळवला

माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे राग. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर मी सतरा वर्षं बसतोय. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी "नोंद घेतली" एवढंच म्हणतो. ते सगळं ओरडणं साठवून मी संध्याकाळी घरी आणायचो. घरात माझा दरारा होता. (निदान मुलगी टीव्हीचा आवाज थोडा कमी करायची. दरारा म्हणजे आणखी काय असतं?)

सगळा घोळ मेहुण्याने केला. तो कार्टूनना आवाज देणाऱ्या एका स्टुडिओत कामाला आहे. एका रविवारी तो आला तेव्हा मी माझे बूट कुणी सरकवले यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. दारातच उभं राहून त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, कप्तान कवटीचा आवाज काढणारा माणूस काम सोडून गेलाय. कप्तान कवटी म्हणजे बुडालेल्या जहाजावरच्या समुद्री चाच्याचं भूत. खजिना शोधायला आलेल्या मुलांना घाबरवून हाकलायचं, एवढंच त्याचं काम.

"भावोजी, तुम्हाला अभिनय करावाच लागणार नाही," मेहुणा म्हणाला.

हे मला कौतुक वाटलं आणि मी हो म्हटलं.

"माझ्या जहाजावर पाय कुणी ठेवला?" हे पहिलं वाक्य मी बूट डोळ्यांसमोर आणून म्हटलं. पहिल्याच टेकला ओके. असे तेरा भाग झाले.

ते टीव्हीवर लागले आणि माझे दिवस फिरले. एका संध्याकाळी ओला टॉवेल खुर्चीवर बघून मी कडाडलो. मुलीने अभ्यासाची वही मिटली, हात जोडून समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, आता 'सांगाडे करून टाकीन' म्हणा ना." मी खरोखर चिडलोय, असं तिला बजावलं. ती म्हणाली, कप्तानही असंच म्हणतो आणि मग त्याची हाडं गळून पडतात. मग ती माझ्या हाडांकडे आशेने बघत राहिली.

जिन्यासमोर सायकली लावणाऱ्या मुलांवर ओरडलो, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम अकरा सायकली आडव्या लावल्या आणि पायरीवर प्रेक्षकांसारखी बसून राहिली. ऑफिसात सतरा वर्षांत पहिल्यांदा खिडकीतून एका बाईंवर आवाज चढवला. त्यांच्या कडेवरच्या पोरीने टाळ्या पिटल्या. अख्खी रांग हसली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, मेमो देणार. त्यांनी विचारलं, नातीच्या वाढदिवसाला अर्धा तास येऊन चिडाल का?

आता मात्र डोकं फिरलं. माणसाचं सगळं न्यावं, पण राग नेऊ नये. त्याशिवाय त्याने घरी जाऊन करायचं काय? मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्टुडिओ गाठला. वाटेत मी कुणाशी भांडू नये म्हणून बायको सोबत आली.

दिग्दर्शकाला मी दहा मिनिटं फैलावर घेतलं. मी भूत नाही, चाचा नाही, माझी चेष्टा बंद करा, असं जीव तोडून सांगितलं. तो डोळे पुसत होता. (हसून.) रेकॉर्डिंगवाल्याने मला नम्रपणे माईकच्या थोडं जवळ यायला सांगितलं. संतापून मी स्टुलाला लाथ मारली. स्टूल भिंतीपर्यंत गेलं आणि मी अंगठा धरून खाली बसलो.

तेव्हा कोपऱ्यात बसलेली बायको उठली. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिने आवाज कधी चढवलेला नाही. आताही अगदी हळू म्हणाली, "अहो, पुरे. ते स्टूल उचला."

मी स्टूल उचललं. रेकॉर्डिंगवाल्याने स्वतःच्या बुडाखालचं उचललं. दिग्दर्शकही खुर्चीवरून उठला आणि ती उचलायची की नाही, या विचारात उभा राहिला.

मग दिग्दर्शकाने घसा साफ केला. मुलं कप्तानाला घाबरत नाहीत, हसतात, अशी तक्रार चॅनेलने केव्हाच केली होती म्हणे. ही गोष्ट मला सांगायची राहून गेली होती. तो माझ्याशी बोलत होता, पण बघत होता तिच्याकडे.

आता कप्तान कवटी ती आहे. "जहाजावरून उतरा," असं ती टीव्हीतून हळूच म्हणते आणि मुलगी उशीमागे जाते. जिन्यासमोरच्या सायकली रांगेत लागतात.

मला मात्र काढलं नाही. राग गिळताना माझ्या घशातून जो आवाज निघतो, तो जहाजाच्या गंजलेल्या दाराला हुबेहूब बसतो, असा दिग्दर्शकाचा शोध आहे. कप्तान आत येताना जे करकरतं, तो मी.

कालच्या भागात कप्तानाने खलाशाला त्या दारात तेल घालायला सांगितलं. मेहुण्याकडे चौकशी केली. हे वाक्य संहितेत नव्हतं.