गोदूबाईंच्या हातातली सतरा मुलं

कोणतीही गोष्ट मोजायला घेतली की ती सुधारते, हे विज्ञानानं आता मान्य केलं आहे. (गोष्ट सुधारते की तिचा आकडा, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण ते अजून कोणी मोजलेले नाहीत.) बालकांचं आरोग्य याला अपवाद नाही. भाईंदरजवळच्या हाटकेशमधल्या आमच्या नीलसागर हाइट्स सोसायटीतल्या मुलांची हालचाल गेल्या डिसेंबरात दोन आठवड्यांत दहापट वाढली आणि त्यासाठी एकाही मुलाला सोफ्यावरून उठावं लागलं नाही. सोसायटीचा सचिव या नात्यानं ही हकिकत नोंदवून ठेवणं मी माझं कर्तव्य समजतो.

पार्श्वभूमी अशी. बी विंगच्या मागे सोसायटीच्या मालकीचा एक मोकळा प्लॉट आहे. नऊ वर्षं त्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. तिथे पार्किंग करावं असं निम्म्या सभासदांचं मत, मुलांना खेळायला द्यावा असं उरलेल्या निम्म्यांचं. मी खेळाच्या बाजूचा होतो, कारण माझी मुलगी सान्वी. ती दहा वर्षांची आहे, वजन एक्कावन्न किलो, आणि लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून घेते. मुलांचे डॉक्टर म्हणाले होते, "औषध नको, टॉनिक नको. रोज तासभर पळू दे." कुठे पळू दे, ते त्यांनी लिहून दिलं नव्हतं. (सोसायटीच्या आवारात पळण्यास, चेंडू आपटण्यास व विनाकारण ओरडण्यास मनाई आहे. सूचना माझ्याच सहीची आहे.)

त्याच सुमारास डॉ. समिधा आमच्याकडे आल्या. एका वैद्यकीय महाविद्यालयातर्फे त्या शहरी मुलांमधली स्थूलता, आजारपण आणि शारीरिक हालचाल यांचा अभ्यास करत होत्या. त्यांना आठ ते बारा वयाची मुलं हवी होती. आमच्याकडे तशी अठरा होती आणि ती केव्हाही गेलं तरी घरात सापडत. प्रत्येक मुलाच्या मनगटाला चौदा दिवस एक काळा पट्टा बांधायचा. तो पावलं मोजणार, जिने मोजणार, झोप मोजणार, आणि आकडे आईबापांच्या मोबाइलवर पाठवणार. सोबत एक छापील सूचना होती: 'या काळात मुलांनी नेहमीसारखंच वागावं.' आमच्याकडे पाहुण्यांसमोर नेहमीसारखं वागायची पद्धत नाही, हे डॉक्टरांना कोणी सांगितलं नसावं.

अध्यक्ष परेशभाईंना यात प्लॉटच्या भांडणावरचा तोडगा दिसला. "देखो यतीनभाई, अपने को झगडा नहीं मंगता," ते मला म्हणाले. "डेटा बोलेगा." ठराव एकमतानं मंजूर झाला. मुलांची सरासरी रोज दहा हजार पावलांच्या खाली आली, तर त्यांना जागेची गरज आहे असं समजून प्लॉट खेळायला. वर आली, तर आहे त्या जागेत ती भरपूर हालतात असं समजून पार्किंग.

म्हणजे मुलांना काहीच करायचं नव्हतं. चौदा दिवस आहे तसं लोळायचं होतं, की मैदान त्यांचं. नापास होणाऱ्याला बक्षीस देणारी इतकी सोपी परीक्षा निदान आमच्या वॉर्डात तरी पूर्वी झालेली नाही. पहिल्या दिवशी सरासरी आली एकवीसशे चाळीस. सान्वीची एकोणीसशे. माझं मनातल्या मनात प्लॉटचं कुलूप काढून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परेशभाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्या बंटीचा आकडा टाकला: तीन हजार बारा. खाली टाळ्यांचे हात. माझी बायको जागृती तो आकडा बराच वेळ बघत राहिली.

"त्या बंटीला दोरीवरची उडी येत नाही," ती म्हणाली, "आणि आपली एकोणीसशे?"

हेच वाक्य त्या सकाळी चारही विंगांत मराठी, गुजराती, मारवाडी आणि हिंदीत बोललं गेलं असावं. सान्वीनं आम्हाला समजावून पाहिलं. "पप्पा, कमीच येऊ दे ना. कमी आलं तरच प्लॉट मिळणारे." तिचं गणित बिनचूक होतं. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "बेटा, आपल्या घरात कमी आकडा येत नाही."

त्यानंतरचे प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात जावेत असे आहेत. बंटीचा पट्टा वॉशिंग मशीनला बांधण्यात आला, तेव्हा त्यानं चाळीस मिनिटं 'पोहणे' नोंदवलं. ए विंगमध्ये एक पट्टा पंख्याला अडकवला, तो सुटून वरणाच्या पातेल्यात पडला. सी विंगमध्ये एका आजोबांना नातवाचा पट्टा घालून फिरायला पाठवलं. ते बाकावर बसून परत आले आणि घरी त्यांची कानउघाडणी झाली. खरं उत्तर शोधलं ते जागृतीनं, पापलेट घेता घेता.

गोदूबाई मुर्धा गावच्या. वय बासष्ट. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्या तीस वर्षं दारोदार विकतायत. पहाटे पावणेचारला उठतात, भाईंदरच्या बाजारातून माल घेतात आणि आमच्या चार विंगांचे सात-सात मजले जिन्यानं चढतात. (मासळीवाल्यांना लिफ्ट वर्ज्य आहे, वासामुळे. तीही सूचना माझ्याच सहीची.) पट्टा त्यांच्या मनगटावर गेला, त्या दिवशी सान्वीची पावलं तेवीस हजार चारशे सतरा भरली. जागृतीनं तो आकडा ग्रुपवर टाकला. मग एकेक सभासद आपल्या दारात मासळीवालीची वाट बघताना दिसू लागला. पाचव्या दिवशी गोदूबाईंच्या हातात सतरा पट्टे होते, डाव्यात नऊ आणि उजव्यात आठ.

"बांगड्या हायतच, त्यात ह्ये," त्या मला म्हणाल्या. "माजं काय जातंय? पन लिफ्टनं जाव द्या की, साहेब. गुडघं लय दुखतान."

विनंती समितीपुढे ठेवण्यात आली. लिफ्ट दिल्यास मुलांच्या जिन्यांचा आकडा पडेल, हे लक्षात घेऊन ती सर्वानुमते फेटाळण्यात आली. परेशभाईंच्या सात पिढ्यांत कोणी मासळीला हात लावलेला नाही, पण त्यांचा बंटी आता रोज पहाटे मासळी बाजारात हजर असे. (पट्टा वास नोंदवत नाही. विज्ञानाची ही मर्यादा आमच्या पथ्यावर पडली.)

अठरावा पट्टा मात्र पंचशीलाच्या हातातच राहिला. तिची आई मंदाताई चौथ्या मजल्यावर राहतात आणि इस्पितळात नर्स आहेत. त्यांना मी स्वतः समजावायला गेलो. "वॉर्डात रोज तीस जणांचं बीपी लिहिते, यतीनभाऊ," त्या म्हणाल्या. "खोटं रीडिंग लिहायला हात वळत नाही माझा." पंचशीलाची रोज तेवीसशे पावलं पडत राहिली. सोसायटीची सरासरी ओढून खाली आणते म्हणून तिच्याशी मुलांनी नाही, पण मोठ्यांनी बोलणं कमी केलं.

निष्कर्ष डिसेंबरअखेर आले. डॉ. समिधा भारावल्या होत्या. नीलसागरची सतरा मुलं एकाच मिनिटाला, म्हणजे पावणेचारला उठतात, एकत्र चालतात आणि सकाळी दहाला एकत्र वीस मिनिटं बसतात. (त्या वेळी गोदूबाई चहा घेतात.) सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी मुलं निम्मीच चालतात. याला डॉक्टरांनी 'स्वयंप्रेरित विश्रांती' असं नाव दिलं आहे. या दिवशी आमच्या भागातली बरीच घरं मासळी खात नाहीत, ही माहिती त्यांच्या तक्त्यात भरायला रकाना नव्हता. चौदा दिवसांत मुलांची वजनं सरासरी नऊशे ग्रॅमनी वाढली, ती स्नायूंमुळे असं ठरलं. सान्वीचं दीड किलोनं वाढलं. पहिल्या नंबराबद्दल जागृती तिला रोज शिरा करून घालत होती. आणि पंचशीलाचा आकडा इतरांशी इतका विसंगत होता की यंत्रात बिघाड समजून तो गाळण्यात आला.

अहवालात एकच शिफारस होती: या मुलांवर अतिश्रमाचा ताण दिसतो, त्यांना विश्रांतीची गरज आहे. ठरावाप्रमाणे पंधरा दिवसांत प्लॉटवर पिवळे पट्टे मारून झाले. तिथे आता बत्तीस गाड्या विश्रांती घेतात.

बक्षीस समारंभ सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. तिचा पट्टा सगळ्यांत आधी गोदूबाईंकडे गेल्यामुळे सान्वी पहिली. स्टेजला तीन पायऱ्या होत्या. दुसरीवर ती थांबली, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि मग वर आली. डॉ. समिधांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "एवढी मेहनत केलीये पोरीनं," त्या माइकवर म्हणाल्या, "दम लागणारच." सान्वीनं कप घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मला फार लाज वाटली. मी टाळ्या वाजवत होतो, त्यामुळे ती लाज कोणाला दिसली नाही.

बाहेर जिन्यापाशी गोदूबाई पाटी उतरवून उभ्या होत्या. "पोरं पास झाली ना?" त्यांनी विचारलं. "एक नंबर," परेशभाई म्हणाले. गोदूबाईंनी पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि सातव्या मजल्याकडे निघाल्या.

आता वाचकहो, तुम्ही माझ्याबद्दल मान हलवत असाल, तर तो तुमचा हक्क आहे. पण डॉ. समिधांच्या अभ्यासाचा दुसरा टप्पा लवकरच सुरू होतोय आणि फॉर्म तुमच्याकडेही येईल. त्यात पहिलाच प्रश्न आहे: 'तुमचं मूल रोज किती वेळ मैदानावर खेळतं?' हे वाचता वाचता तुम्ही मनात एक आकडा धरलात. तो बदलू नका. उठा, आतल्या खोलीत जा आणि हाच प्रश्न मुलाला विचारा. ते मोबाइल बाजूला ठेवून आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघेल, किती सांगायचं ते ठरवायला.