उरकुडे सरांचे दीड मिलिमीटर

उरकुडे सरांच्या खिशात पेन नसतं, व्हर्नियर कॅलिपर असतो. तुम्ही त्यांना चहाला बोलावलंत, तर ते दारात चपला काढतात, "माप काय म्हणते?" असं पुटपुटतात आणि छत्रीचा दांडा, पडद्याचा पाइप, खिडकीचा गज, जे गोल दिसेल ते मोजत सुटतात. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी डाव्या मुठीत अक्षता धरून उजव्या हाताने मांडवाचा पाइप मोजला. मंगलाष्टकं संपली, नवरा-नवरी बसली, तरी यांच्या अक्षता मुठीतच.

मला या माणसाचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करू नये.

आम्ही दोघं वणीपासून नऊ किलोमीटरवरच्या एका शाळेत मास्तर. ते विज्ञान शिकवतात, मी इतिहास. राहतोही वणीतल्या एकाच गल्लीत. माझं घर मध्यावर, त्यांच्या दोन खोल्या टोकाला. लग्न त्यांनी केलं नाही. का, ते विचारण्याइतकी आमच्यापैकी कोणाचीच छाती नाही. पन्नाशी उलटली तरी पोट सपाट. हे मी कधी लक्षात घेतलं नसतं, पण आमची सौ. दर आठ दिवसांनी माझ्या लक्षात आणून देते.

तर त्यांची सायकल. कॉलेजात असताना घेतलेली रेसर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली. आमच्या रस्त्यावर दिवसभर कोळशाचे ट्रक. साध्या गिअरच्या सायकलीचे गिअर मागच्या चाकाशी उघडे लटकत असतात, त्यांत ही काळी धूळ शिरली की दोन महिन्यांत सगळं दळण होतं. म्हणून सरांनी कुठून तरी मागच्या चाकाचा एक हब, म्हणजे मधला तुंबा, मागवला. त्यात आठही गिअर हबाच्या पोटात, झाकलेले.

"मानसाचं आतडं बाहेर टांगलं असते का, सर?" ते मला विचारायचे. "मंग सायकलीचं कायले टांगता?"

हब बसला. अडलं ते शिफ्टरपाशी. गिअर बदलायची ती फिरती मूठ सरळ हँडलसाठी बनवलेली असते, आणि रेसरचं हँडल तिच्या भोकापेक्षा दीड मिलिमीटर जाड. ती चढेचना. चढली असती तरी वळणावरून पुढे सरकली नसती. सगळी वणी त्यांना एकच सल्ला देत होती, की सरळ हँडल लावून मोकळे व्हा. त्यावर सर म्हणायचे, "मंग ते दुसऱ्याची सायकल होते." हँडल कानशीने घासावं, तर ते पातळ होऊन एखाद्या ट्रकसमोर मोडायचं.

शेवटी अक्रमभाईंच्या सायकलच्या दुकानात बसून दोघांनी तोड काढली. नेमक्या जाडीच्या सरळ पाइपाचा चार इंची तुकडा हँडलच्या मधोमध क्लॅम्पने जोडायचा आणि शिफ्टर त्याच्यावर चढवायचा. मग सुरू झाला पाइपाचा शोध. तो आठ महिने चालला. अक्षतांचा प्रकार त्यातलाच.

पाइप सापडला माझ्या घरी. सर परीक्षेचे गठ्ठे द्यायला आले होते. हात धुवायला न्हाणीघरात गेले ते पंधरा मिनिटं बाहेर येईनात. आले तेव्हा चेहऱ्यावर तेज.

"वहिनी, तुमच्या टॉवेलच्या दांडीचं माप काय म्हणते, मालूम आहे? बावीस पॉइंट दोन."

सौ.ने पेचकस आणला आणि स्वतःच्या हाताने दांडी भिंतीतून उपटून त्यांना दिली. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. माझ्यासाठी तिने कधी काही उपटलेलं नाही. तेव्हापासून आमचे टॉवेल दारावर वाळतात.

शिफ्टर असा काही बसला, की जणू कारखान्यातूनच आला असावा. हेडमास्तरीण मॅडमनी परिपाठाला सरांना पुढे बोलावून मुलांना सायकल दाखवली. "जिद्द अशी असावी," म्हणाल्या. ज्या दांडीवर ती जिद्द बसली होती, तिचा मालक तिसऱ्या रांगेत उभा होता, त्याचं नाव कोणी घेतलं नाही. मी त्याच रविवारी नागपूरला गेलो आणि एकवीस गिअरची सायकल घेऊन आलो.

माझा हेतू एवढाच होता, की एकदा तरी उरकुड्यांच्या आधी शाळेच्या फाटकात शिरायचं. फक्त एकदा.

रोज सकाळी आम्ही बरोबर निघायचो. नऊ किलोमीटर हा माणूस बोलत राहायचा. काल वाचलेलं, दूधवाला म्हणाला ते, धूमकेतूचं शेपूट, आंबाडीच्या भाजीत लसूण कधी घालायचा. धाप म्हणून नाही. मी "हं" म्हणत दम वाचवायचो आणि पुलापलीकडे एकदम जोर लावायचो. दोन मिनिटांत हे बाजूला हजर. "काय देशपांडे सर, माप काय म्हणते?" फाटकात त्यांचं चाक माझ्या अर्धा हात पुढे.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात मी जिंकलो. पुरतं एक चाक पुढे होतो. "जिंकले बा सर तुम्ही," ते म्हणाले आणि घाम नसलेलं कपाळ पुसलं. मी सगळ्या स्टाफला आलुबोंडे खाऊ घातले. घरी ती हकीकत तीनदा सांगितली. चौथ्यांदा सौ. उठून गेली.

मग सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. नागपूरला भाचीकडे जाताना ते मला सायकलची किल्ली देऊन गेले. "उभी नका ठेवू सर. चालवा तुम्ही."

पहिल्याच सकाळी मी घड्याळ लावून निघालो. या सायकलवर शाळेत किती लवकर पोचतो, ते बघायचं होतं. पूल ओलांडला, रस्ता मोकळा मिळाला, मी शिफ्टर चारवरून पाचवर फिरवायला गेलो, तर फिरेना. पुन्हा जोर केला, तरी नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आठ महिने, सगळ्या गावाचे पाइप, परिपाठातलं कौतुक आणि माझी दांडी, आणि इतकं करून सायकल चारच्या पुढे जात नव्हती.

संध्याकाळी थेट अक्रमभाईंचं दुकान गाठलं. चार गिऱ्हाइकं होती, ते बरंच झालं. मी आवाज चढवून म्हणालो, "बघा तुमच्या उरकुडे सरांची कारागिरी. पाचवा गिअर पडतच नाही."

अक्रमभाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि शिफ्टरच्या कडेला तांदळाएवढा एक स्क्रू दाखवला.

"बिगडलं नाही सर. हा त्याईनंच लावाले सांगतला. मी म्हटलं, आठ गिअर असून चारातच कायले फिरता? तं म्हणे, पाचव्यात टाकली का देशपांडे सर मांगं राह्यतात. मंग नऊ किलोमीटर मी कोणासंग बोलू?"

"कधी लावला?"

"तुमची नवी सायकल आलती ना, त्याच हप्त्यात."

गिऱ्हाइकांपैकी कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. अक्रमभाईंनी विचारलं, "काढून देऊ का? अर्ध्या मिनटाचं काम हाय." मी "राहू द्या" म्हणालो आणि सायकल हातात धरून चालत घरी आलो. आलुबोंडे आठवत होते. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त हेवाच वाटला. ज्या आठ गिअरांसाठी या माणसाने आठ महिने घातले, त्यातले चार त्याने माझ्यासाठी एका आठवड्यात सोडून दिले आणि कोणाला कळूही दिलं नाही. मला हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी गल्लीभर सांगितल्याशिवाय राहवलं नसतं.

पंधरा दिवसांनी सर काळा चष्मा लावून परतले. किल्ली घेताना ब्रेककडे बघत म्हणाले, "तरास तं नाही ना देला तिनं? चारच्या पुढं टाकून पाह्यली का?"

"चारातच दम लागला मला," मी म्हणालो.

"हो ना," ते म्हणाले, आणि दवाखान्याच्या खाटेच्या कठड्याचं माप सांगायला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी माझी सायकल पहिल्या गिअरात टाकली आणि तिथेच ठेवली. ट्रकमागून ट्रक गेले. पायी चाललेली एक बाई आमच्या पुढे निघून गेली. भाचीच्या घरची कढी पुलापर्यंत पुरली, डॉक्टरचा मुलगा फाटकापर्यंत. मी मध्ये मध्ये प्रश्न विचारत होतो.

पोचलो तेव्हा परिपाठ संपला होता. मॅडम फाटकातच उभ्या. "दोघांजवळ गिअरच्या सायकली, तरी उशीर काहून?"

"हवा समोरून होती, मॅडम," मी म्हणालो.

आवारातल्या कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. उरकुडे सरांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग काळा चष्मा वर करून माझ्या हँडलवरच्या एकच्या आकड्याकडे. त्यांचा हात सवयीने खिशातल्या व्हर्नियरकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माप विचारलं नाही.