नियंत्रण क्रमांक नऊ

खाण जमिनीखाली तीनशे मीटरवर होती आणि तिचा सुरक्षा विभाग जमिनीवर, दुसऱ्या मजल्यावर होता. या विभागाने चार वर्षं खपून अपघात टाळण्याचे तीन हजार एकशे बारा उपाय शोधले होते. विषारी वायू मोजणं हा त्यांतला एक. जिना उतरताना कठडा धरणं आणि चहा फुंकून पिणं हेही त्यांतलेच. मग मुख्यालयातून परिपत्रक आलं की, इतक्या उपायांकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. सबब, ज्यांच्यावाचून माणूस मरतोच असे फक्त नऊ निवडावेत, त्यांना 'अतिमहत्त्वाचं नियंत्रण' म्हणावं आणि डोळ्यांत तेल घालून जपावं.

परिपत्रक कुणा शहाण्या माणसाने लिहिलं होतं. पुढे जे झालं त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

आठ नियंत्रणं दुपारच्या जेवणाआधीच ठरली. नवव्यासाठी सुरक्षा अधिकारीसाहेबांनी मुकादमाला बोलावलं.

"छत माणसांवर पडू नये म्हणून तुम्ही नेमकं काय करता?"

"खांब देतो, बोल्ट मारतो."

"आणि ते पुरेसे आहेत हे कसं कळतं?"

"कानसेन ठोकून बघतो की."

कानसेन हा सत्तावीस वर्षं छत ठोकणारा माणूस. खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. पाळी सुरू होण्याआधी तो लोखंडी टोकाची काठी घेऊन प्रत्येक बोगद्यात जाई, छतावर ठोके मारी आणि मान वाकडी करून ऐके. छत खणखणीत वाजलं की माणसं आत. भद्द वाजलं की बाहेर.

"म्हणजे तुमचा कान हे नियंत्रण आहे," साहेब त्याला म्हणाले.

"कान दोन आहेत, साहेब."

"उत्तम. एक राखीव."

त्या दिवशी कानसेनच्या हेल्मेटवर लाल स्टिकर लागला: 'नियंत्रण क्रमांक ९'. त्याने घरी जाऊन ते बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "आठ कोण आहेत ते आधी बघून या, मग मिरवा."

नियमाप्रमाणे नियंत्रणाची पडताळणी करायला हवी होती, आणि तीही ते सगळ्यांत जास्त वापरणाऱ्याकडून. साहेब स्वतः घरी गेले.

"वहिनी, यांचा कान व्यवस्थित चालतो ना?"

"कान?" वहिनींनी पदराला हात पुसले. "एकवीस वर्षं ओरडतेय, दूध बघा, दूध बघा. दूध उतू जाऊन शेगडी विझते, पण यांची मान पेपरातून वर येत नाही."

"अहो, ऐकू येतं मला," कानसेन घाईघाईने म्हणाला. "येतं, पण..."

"ऐकू येतं आणि कृती होत नाही?" साहेबांचा चेहरा उतरला. "हे तर जास्त गंभीर आहे."

नोंद झाली: 'पडताळणी प्रलंबित.' कानाच्या डॉक्टरांची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. पडताळणी न झालेलं नियंत्रण वापरता येत नाही. शिवाय ते एकमेव असल्याने धोक्याच्या जागी नेता येत नाही. त्यामुळे कानसेनला दुसऱ्या मजल्यावर, नऊ नियंत्रणांच्या फळ्याखाली, एका खुर्चीत बसवण्यात आलं. दर तासाला शिपाई येऊन स्टिकर जागेवर आहे का ते पाही आणि फळ्यावर नऊच्या चौकटीत हिरवी टिकली लावी. नियंत्रण जागेवर असताना खाली आणखी कुणी छत ठोकणं ही द्विरुक्ती ठरली असती, म्हणून ते थांबवलं गेलं.

खुर्ची चांगली होती. तिला हातही होते. पण कानसेनचा धाकटा भाऊ सातव्या बोगद्यात कामाला होता, आणि शेवटच्या दिवशी सातव्याचं छत खणखणीतही वाजलं नव्हतं आणि भद्दही नाही. उद्या पुन्हा ऐकू, असं ठरवून कानसेन वर आला होता. तो उद्या काही उजाडला नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी खाली नेणाऱ्या पिंजऱ्यापाशी धाकटा म्हणाला, "दादा, कालपासून वरून पीठ चाळल्यासारखं काहीतरी पडतंय. डब्यात माती येते."

कानसेन दोन-दोन पायऱ्या चढत, कठडा न धरता, साहेबांकडे गेला.

"साहेब, पाच मिनिटं खाली जाऊ द्या."

"आणि तुमच्यावरच छत पडलं तर? मग छत पडू नये म्हणून आपल्याकडे काय उरेल?"

"मग सातव्यातली माणसं तरी वर काढा."

"जरूर काढू. छत वाईट आहे हे कुणी ऐकलं?"

"मी."

"तुमची पडताळणी प्रलंबित आहे," साहेब हळहळून म्हणाले. ते मनाने चांगले होते.

कानसेनने लघुशंकेची परवानगी मागितली, हेल्मेट खुर्चीवर ठेवलं, पाळीवरून वर आलेल्या एकाचं हेल्मेट घातलं आणि तो पिंजऱ्यात शिरला. सातव्यात त्याने तीन ठोके मारले. तिसरा पुरता वाजायच्या आत तो ओरडला, "बाहेर! सगळे बाहेर!"

अकराच्या अकरा जण धावले. धाकटा मध्येच वळला.

"दादा, माझा डबा!"

"डबा गेला खड्ड्यात!" कानसेनने त्याची कॉलर धरून त्याला फरफटत आणलं. मागे सातवा बोगदा खाली बसला. डबा तेवढा आत राहिला.

चौकशी समिती नेमली गेली आणि तिने महिनाभरात सत्तर पानांचा अहवाल दिला. साहेबांनी तो कानसेनपुढे ठेवला. अठ्ठेचाळिसाव्या पानावर निष्कर्ष होता: 'घटनेच्या वेळी नियंत्रण क्रमांक ९ जागेवर होते; तशी शिपायाची हिरवी नोंद आहे. तथापि एका अनधिकृत इसमाने सातव्या बोगद्यात शिरून छतावर तीन प्रहार केले व त्यानंतर ते कोसळले. सबब, यापुढे छत ठोकण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे.' खाली लिहिलं होतं: 'वाचले, समजले, मान्य.' त्याखाली अकरा सह्या. सगळ्यांत झोकदार सही धाकट्याची.

कानसेनने त्याला फाटकाबाहेर गाठलं.

"अरे, छत मी पाडलं, म्हणून यापुढे ठोकायचं नाही, असं लिहिलंय!"

"काय सांगतोस! कोण म्हणतं?"

"तू."

"मी? छे!" मग त्याला आठवलं. "दादा, सत्तर पानं होती रे. मागे रांग उभी. त्या बाबूने जिथे बोट ठेवलं तिथे केली."

कानसेन घराकडे चालू लागला, धाकटा मागोमाग.

"मग उद्यापासून आमचं छत कोण ठोकणार?" धाकट्याने विचारलं.

"कुणीच नाही. तुम्हा अकरा जणांना ते मान्य आहे."

वाचकहो, धाकट्याला खुशाल हसा. पण परवा लेकीच्या शाळेच्या सहलीचा जो कागद तुम्ही स्कूटरच्या सीटवर ठेवून, घाईघाईत सही करून दिलात, त्याच्या तिसऱ्या ओळीत काय लिहिलं होतं, तेवढं सांगता का?