अधिकृत चेहरा

माणूस जन्मतः अनधिकृत असतो. शिक्का त्याला पुढे यथावकाश मिळतो. आमच्या नकाशांच्या ऑफिसात हे तत्त्व आम्ही फार मनावर घेतलं आहे.

घरून काम करणाऱ्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये सुरक्षित शिरता यावं म्हणून आम्ही एका कंपनीचा व्हीपीएन घेतला. व्हीपीएन म्हणजे घर ते ऑफिस असा खासगी बोगदा. बोगदा कंपनीचा, पण त्याचं दार उघडायला सगळे कुठल्याशा त्रयस्थाने बनवलेलं फुकट ॲप वापरत. त्यात एकच हिरवं बटण होतं. दाबलं की झालं. (हीच त्यातली मोठी त्रुटी. जे कुणालाही जमतं ते सुरक्षित कसं असेल?) कंपनीने स्वतःचं अधिकृत ॲप काढताच आमच्या समितीने जुनं बंद केलं. जुन्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती, यावरून लोक किती दबून होते ते लक्षात यावं.

अधिकृत ॲप चेहरा ओळखतं. खुर्चीत तोच चेहरा आहे ना, हे दिवसभर कॅमेऱ्यातून डोकावून बघत राहतं.

आमच्याकडे नकाशे काढणाऱ्या एक बाई आहेत. त्या घरून काम करतात, कारण त्यांचे वडील दार उघडं दिसलं की चालू लागतात आणि परतीचा रस्ता विसरतात. ऑफिसात यायची वेळ आली तर बाईंना नोकरीच सोडावी लागेल. जुन्या ॲपचं हिरवं बटण रोज सकाळी वडीलच दाबत. तेवढं एक काम त्यांच्या पक्कं लक्षात होतं. नवं ॲप पहिल्याच दिवशी "समोर पाहा" म्हणालं, तेव्हा ते सवयीने बटण शोधत पुढे वाकले. ॲपने त्यांचाच चेहरा नोंदवून घेतला.

चेहरा बदलण्याचा अर्ज ॲपच्या आत आहे. आत जायला चेहरा लागतो. (ही सोय आम्ही खास मागून घेतली होती.)

"अण्णा, इथेच बसा हं. हलू नका," बाई वडिलांना म्हणाल्या.

"मी कुठे हलतोय? पण हा लेकाचा माझ्याकडे टक लावून का बघतोय?"

तेव्हापासून अण्णा कॅमेऱ्यापुढे, आणि बाई त्यांच्या कोपराखालून कीबोर्ड ओढून नकाशे काढत. अण्णांचं भटकणंही थांबलं. मग तिमाही अहवाल आला. हजेरीत अण्णा पहिले (शंभर टक्के, जांभया धरून). शेजारी मात्र एक अनोळखी बाई वारंवार आढळली होती. ॲपने तिला 'त्रयस्थ' ठरवून बोगदा कायमचा बंद करण्याची शिफारस केली.

समितीने दोघांना बोलावलं. बाई अण्णांचा हात धरून दारातच उभ्या राहिल्या. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटणं विषयपत्रिकेवर नव्हतं.

"साहेब, काम सगळं ही करते," अण्णा म्हणाले. "मी नुसता बसतो."

अध्यक्षांनी छताकडे पाहिलं, आम्ही अध्यक्षांकडे. मग ठराव झाला: एकाने बसावं आणि दुसऱ्याने काम करावं, ही या ऑफिसची मंजूर रचनाच असल्याने यात काही गैर नाही. अण्णांना बढती देऊन समितीवर घेतलं. बाईंची नोंद 'घरातील सामान' अशी केली, म्हणजे ॲप त्यांना हटकणार नाही. बाई "बरं" म्हणाल्या आणि घरी जाऊन त्यांनी राहिलेला नकाशा पूर्ण केला.

तुम्ही आत्ता हे वाचत बसला आहात, म्हणजे कुठेतरी तुमची हजेरी लागलेली असणार. तुमचं काम या वेळी कोण करतंय, ते आम्हाला कळवू नका. फक्त तिची नोंद सामानात केली आहे ना, तेवढं एकदा बघून घ्या.