समोरच्या बाकावरची सुट्टी

ताईचं पत्र येऊन बरेच महिने झाले होते, आणि कुलूपकाकांनी त्याचं उत्तर अजून दिलं नव्हतं. पत्र लहानसंच होतं. "कान दिवसेंदिवस जातायत. डॉक्टर म्हणतात, यंत्रानंही फार फरक पडायचा नाही. तुझा आवाज ऐकू येतोय तोवर चार दिवस येऊन जा," एवढंच तिनं लिहिलं होतं. फोनशी तिचं कधी जमलंच नाही, म्हणून पत्र. काका उत्तर लिहायला बसत आणि पहिल्याच ओळीला अडत. 'येतो' लिहावं तर ते खोटं ठरणार, आणि 'येत नाही' लिहायला हात धजत नसे.

आडवं येत होतं ते दुकान. कुलपं दुरुस्त करण्याचं आणि चाव्या बनवण्याचं ते टीचभर दुकान काकांनी सुरू केल्यापासून एकही दिवस बंद ठेवलं नव्हतं. ताप आला तर ते मफलर गुंडाळून बसत. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही सकाळी एकाची तिजोरी उघडून देऊन मगच लग्नाला उभे राहिले होते. आपण एक दिवस नसलो तर निम्मं गाव आपापल्या दाराबाहेर ताटकळत उभं राहील, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यात चौकात एकानं चाव्या कापायचं विजेचं यंत्र आणलेलं. गिऱ्हाईक एकदा तिकडे वळलं की वळलंच.

"एक दिवस बंद ठेवून तर बघा," बायको शेवटी वैतागून म्हणाली, "आभाळ कोसळतंय का ते."

काका सरळ मनाचे. त्यांनी एक दिवस दुकान बंद ठेवलं, आणि आभाळ कोसळतंय का ते बघायला समोरच्या टेलरमास्तरांच्या दुकानात बाकावर जाऊन बसले.

मास्तरांनी आधी काकांकडे पाहिलं, मग समोरच्या बंद शटरकडे. सुट्टी घेतली असेल तर माणसानं घरी जाऊन झोपावं, बायकोला घेऊन कुठे फिरून यावं, असं त्यांनी सुचवून पाहिलं. काका म्हणाले, ही नुसती तालीम आहे, खरी सुट्टी नंतर बघू. "मी दरवर्षी आठवडाभर दुकान बंद ठेवतो," मास्तर दोरा ओवत म्हणाले, "म्हणून गाव काही उघडं हिंडत नाही."

सकाळचा पहिला प्रहर तसाच गेला. शटरपाशी कोणी फिरकलं नाही. काकांना आधी बरं वाटलं, मग काळजी वाटू लागली आणि शेवटी रागच आला. इतकी वर्षं आपण कोणासाठी मान मोडून बसलो? एक कुत्रं येऊन शटरला अंग घासून गेलं, त्याचाच काय तो आधार वाटला.

अखेर दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. त्यांनी शटर वाजवून पाहिलं आणि रस्ता ओलांडून थेट बाकाकडे आल्या. काकांनी अंग चोरलं, पण त्याची गरज नव्हती. दुकानात काका डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून बसायचे. गिऱ्हाइकांच्या ओळखीची होती ती त्यांची टोपी. आज टोपी नव्हती, वर इस्त्रीचा शर्ट होता. बाईंनी एखाद्या परक्याला विचारावं तसं त्यांनाच विचारलं, समोरचे कुलूपवाले आज कुठे गेलेत?

इथेच आहे म्हणावं, तर बंद दुकानासमोर बसून काय करताय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. 

"बहिणीकडे गेलेत," ते म्हणाले. आपल्याच तोंडून हे ऐकून ते स्वतःच दचकले.

"बरं झालं बाई," नर्सबाई म्हणाल्या. "माणूस आहे की कुलूप, कळत नाही. कायम आपले त्या दाराला लटकलेले."

मास्तरांना एकाएकी खोकल्याची उबळ आली. काकांनी मोठ्या धीरानं विचारलं, मग तुमच्या कामाचं कसं? त्यावर बाई म्हणाल्या की कपाटाची चावी आहे, चार दिवसांनी झाली म्हणून बिघडत नाही. त्या चौकातल्या यंत्राची चावी निम्म्यात अडकते, तेव्हा कुलूपवाले आले की मगच येईन. तुम्हाला भेटले तर सांगा, सावकाश या म्हणावं.

बाई गेल्या. आपल्याला वाईट वाटतंय की बरं, हे काकांना ठरवता येईना. ते ठरायच्या आतच बसचा कंडक्टर कोपऱ्यावरून वळताना दिसला.

हा कंडक्टर ताईच्या गावच्या बसवर होता. ताईच्या पिशव्या तोच आणून द्यायचा, त्यामुळे काकांना टोपीशिवायही ओळखणारा. काका चटकन उठले आणि कपडे घालून बघायच्या खोलीत शिरून त्यांनी पडदा ओढून घेतला. आत आरसा होता. आरशातला म्हातारा त्यांच्याकडे असा बघत होता, की काकांनी त्याच्याकडे पाठ केली.

बाहेर कंडक्टर मास्तरांना तोच प्रश्न विचारत होता. सकाळपासून त्या उत्तराची गोडी लागलेले मास्तर मोठ्या झोकात म्हणाले, "बहिणीकडे गेलेत."

"अरे वा. गाड्या बदलत लांबून गेले असणार. माझी थेट गाडी आता सुटतेय, मी आधी पोचेन. ताईंना सांगून ठेवतो वाटेत आहेत म्हणून."

पडद्याआड काका कात्रीत सापडले. बाहेर यावं, तर मोजमाप न देता आत काय करत होता, हे सांगावं लागणार. आतच राहावं, तर तिकडे ताई वाट बघत बसणार. काय सांगायचं ते मनात जुळवून ते बाहेर आले, तोवर कंडक्टर निघून गेला होता. काका बसस्टँडपर्यंत धावत गेले. बसचा धूर तेवढा दिसला.

"तुम्हाला काय गरज होती सांगायची?" त्यांनी परत येऊन मास्तरांना विचारलं.

"गरज?" मास्तरांनी सुई शर्टात टोचून ठेवली. "तुम्हीच तर सुरुवात केलीत. मी नुसती शिलाई पुढे नेली."

दुपार कलली तसा भाच्याचा फोन आला. "मामा, कुठवर आलात? आई मघापासून फाटकाशी खुर्ची टाकून बसलीय. आत चल म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, तो हाक मारेल आणि मला आतून ऐकू यायची नाही."

 "निघालोय," काका म्हणाले, आणि या वेळी खोटं पडू नये म्हणून तिथूनच घराकडे चालू लागले.

घरी बायको बॅग घेऊन दारातच उभी होती. भाच्यानं आधी तिलाच फोन केला होता. इतक्या लवकर कशी भरलीस, असं काकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की पत्र आलं त्याच दिवशी भरली होती. मधून मधून कपड्यांना नुसतं ऊन दाखवत होती.

स्टँडच्या वाटेवर दुकान लागायचं, ते लागलंच. शटरसमोर एक माणूस हातात नारळाएवढं जुनं कुलूप घेऊन उभा होता. असलं कुलूप काकांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पाय आपोआप थांबले, बॅग खाली टेकली, बोटं शिवशिवली. बायको नुसती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली.

"चौकात जा," काका त्या माणसाला म्हणाले. दाढ उपटून घेताना होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. "यंत्रवाला आहे तिथे. पोरगा बरा आहे."

समोरून मास्तरांनी कात्री वर करून निरोप दिला.

पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. ताई फाटकाशी खुर्चीतच होती, मांडीवर शाल, मान एका बाजूला कललेली. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि आयुष्यभर बोलत आले त्याच खालच्या आवाजात काहीतरी बोलले. ताईनं भाच्याकडे बघितलं. काका पुन्हा बोलले. तिनं कानामागे हात धरला आणि हळूच मान हलवली.

 काकांनी बॅग सोडून दिली, छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात कधी ओरडले नव्हते असे ओरडले, "ताई, मी आलोय."

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. कुठेतरी एक बाळ रडायला लागलं.

"ओरडतोस कशाला?" ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "ऐकू येतंय मला."

रात्री जेवताना बायकोनं, बसमध्ये काकांकडून काढून घेतलेली, पडद्यासकट सगळी हकिगत साग्रसंगीत सांगितली, आणि ती ताईला पोचावी म्हणून चांगली मोठ्यानं सांगितली. खिडक्या पुन्हा उघडल्या. ताई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "म्हणजे तू आलास तो कंडक्टरमुळे. माझ्या पत्राचं उत्तर राहिलंच."

आता प्रत्यक्ष आलोय, आता उत्तर कसलं, असं काका ओरडून म्हणाले. पण ताई हटून बसली. पत्राला उत्तर पत्रानंच द्यायचं, आणि तेही टपालानं. हातात दिलेलं ती घेणार नव्हती. "आणि आलं की तूच वाचून दाखवायचंस," ती म्हणाली. "मला आता चष्म्यानंही धड दिसत नाही. मोठ्यानं वाचायचं, सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तिच्याच टेबलाशी बसून पत्र लिहिलं. यावेळी पहिल्या ओळीला ते अडले नाहीत. 'येतो' असं लिहिलं, आणि पुढे दोन्ही बाजू भरून लिहीत गेले. मग ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. तिथे एक पोस्टमन सायकलची साखळी बसवत होता. त्याला त्यांनी विचारलं, याच गल्लीतलं पत्र आहे, लगेच पोचेल ना?

पोस्टमननं डोकं खाजवलं. पेटी आत्ताच उघडून झाली, आता उद्या. मग पत्र आधी मोठ्या कचेरीत जाणार, तिथून शिक्का होऊन परत इथे येणार. मध्ये रविवार. घाई असेल तर काका, चार पावलं चालत जाऊन हातातच देऊन या.

"छे, छे," काका म्हणाले, "घाई कसली," आणि त्यांनी पत्र पेटीत टाकलं.